पालथा पेला

महापालिकेच्या माणसांनी खानावळीला कुलूप ठोकून त्यावर कागद चिकटवला, तेव्हा सायली, विश्वजीत आणि शेजारची रत्नमाला वरच्या जिन्यात बसून बघत होते. क्रांती चौकामागच्या त्या गल्लीत गर्दी जमली होती. परवापर्यंत मनकर्णाबाईंच्या पिठल्यावर ताव मारणारी माणसं आता नाकाला रुमाल लावून उभी होती. सायलीला त्यांचा भयंकर राग आला.

सोमवारी दुपारी येऊन गेलेले अकरा जण आजारी पडले होते. रत्नमालाच्या आबांची, धोंडिबांची, अवस्था सगळ्यांत वाईट होती. ते वाचतील की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. आणि मनकर्णाबाई, म्हणजे सायलीची आजी, दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. तीस वर्षं लोकांना जेवू घालणाऱ्या बाईनं स्वतः अन्नाला हात लावला नव्हता.

सुट्टीत पेले भरायचं काम सायलीचं. आबांचा पेला तिनंच तीनदा भरला होता. ते आठवून तिला रडू फुटलं.

"रडून काय व्हनार?" गंगापूरहून सुट्टीला आलेला तिचा आतेभाऊ विश्वजीत म्हणाला. "कोनी काय खाल्लं ते इचारू."

तिघं दवाखान्यात गेली. कुणी नुसता वरणभात खाल्ला होता, कुणी भाकरी आणि वांग्याची भाजी. कोपऱ्यावरचा पानवाला तर जेवलाच नव्हता. उन्हातून आला, पाणी प्यायला आणि गेला, एवढंच.

म्हणजे दोष अन्नात नव्हता, पाण्यात होता.

नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, म्हणून खानावळीची टाकी कडुबाच्या टँकरनं भरायची. सोमवारी टाकी भरून कडुबा तिथंच जेवला, पण आजारी पडला नाही. सायलीला आठवलं, त्यानं पेला पालथा घातला होता आणि तो स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायला होता. दुसऱ्या दिवशी, कुणी न सांगता, त्यानं टाकी रिकामी करून घासून काढली. तेव्हा सगळ्यांनी त्याला केवढा भला माणूस म्हटलं होतं! आता पुरावाच उरला नव्हता. सायलीच्या बाबांना सांगून पाहिलं, तर ते म्हणाले की कडुबाला ते लहानपणापासून ओळखतात, पोरांनी नसते उद्योग करू नयेत.

पण उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आधी पाणी द्यायचं, हे आजीच्या घरी कधी चुकत नसे. तिघांनी त्यावरच बेत रचला.

दुपारी कडुबा आजीची चौकशी करायला खानावळीच्या वरच्या घरी आला. घामानं भिजला होता. सायलीनं पेला पुढं केला.

"वरचं पाणी संपलंय, काका. सोमवारी टाकीतनं भरलेली कळशी राहिली होती, त्यातलं आणलंय."

कडुबानं पेला घेतला, ओठांशी नेला आणि खाली ठेवला. तहान नाही म्हणाला. त्याच्या गळ्यावरून घाम ओघळत होता.

मनकर्णाबाई दोन दिवसांत पहिल्यांदाच उठून बसल्या. "माझ्या घरचं पानीबी नको झालं व्हय तुला? आन इकडं, मीच पिते."

त्यांनी पेला तोंडाला लावला, आणि कडुबानं झडप घालून तो उडवला.

"नका मावशी! त्या दिवशी सकाळी बांधकामाला नाल्याचं पानी टाकलं व्हतं. घाईत टँकर धुतला नाय. वास आला व्हता मला. वाटलं, एवढ्यानं काय व्हतंय."

"ते पाणी आमच्या माठातलं होतं," रत्नमाला म्हणाली. "पण माझे आबा खरंच मरायला टेकलेत, काका."

कडुबा खाली बसला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "मला सांगितलं असतं, तर गिऱ्हाईक तहानलेलं माघारी लावलं असतं रे मी."

संध्याकाळी बाबांबरोबर महापालिकेत जाऊन कडुबानं सगळं लिहून दिलं. जे आम्हाला सुचलं नाही ते या पोरांनी शोधलं, असं अधिकारी गल्लीत सगळ्यांसमोर म्हणाले. बाबांनी तिघांची माफी मागितली. पण आबा घरी यायला बारा दिवस लागले, आणि आले तेव्हा ओळखू येत नव्हते.

खानावळ उघडली त्या दिवशी रुमालवाले मान खाली घालून आले. मनकर्णाबाईंनी सगळ्यांच्या मधोमध उभं राहून आधी स्वतः पेलाभर पाणी प्यायलं. मग तांब्या सायलीच्या हातात दिला.

आबांच्या टेबलाशी सायली तांब्या घेऊन थबकली. तिला ओतवेना. आबांनी काठी बाजूला ठेवली आणि पालथा पेला उताणा केला.

"भर, पोरी," ते म्हणाले. "काठोकाठ भर."