पत्रिकेतलं नाव

"रेहाना, आत्ताच्या आत्ता ये. वहिनी बॅग भरतेय."

फोन सृष्टीचा होता. रेहाना कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. सृष्टीच्या वडिलांचं, भिकन गुरुजींचं घर तिथून दोन गल्ल्या पुढे. सातवीत त्यांच्याच हाताखाली ती शिकलेली.

ती पोचली तेव्हा आत नुसता भाकऱ्या थापल्याचा आवाज होता. त्या आवाजावर रोज गुणगुणणाऱ्या सृष्टीच्या आई, सुलाबाई, आज मुक्या होत्या.

घडलं होतं ते असं. माहेरी आलेल्या सृष्टीनं नवऱ्याला, अश्विनला, पत्र लिहिलं: मी आता नांदायला येणार नाही. लिहिलं, पण धाडलं नाही. घरच्या कॉम्प्युटरवर तसंच राहू दिलं. आणि मंगळवारी ते घरच्या मेलवरून त्रेचाळीस नातेवाइकांकडे गेलं. पार नामपूरच्या आत्यापर्यंत.

"तेव्हा घरी एकटी वहिनी होती," सृष्टी म्हणाली.

"शिकवणीच्या नोट्स काढायला कॉम्प्युटर लावला आणि गच्चीवर धुणं वाळत घालायला गेले," सून मनालीनं बॅगेची चेन ओढली. "पण इथं कोणाला पटतंय? नांदगावला जाते. आईला तरी पटेल."

गुरुजी खुर्चीत. नजर फरशीवर.

रेहानानं आधी इंटरनेटची वायर काढली. मग सृष्टीच्या मोबाईलवर घरची मेल उघडली.

"प्रत्येकाला वेगळी मेल. पहिली अकरा दहाला, त्रेचाळिसावी अकरा बाराला. मनाली, इतकं भराभर टाईप करतेस?"

"एका बोटानं करते मी."

रेहाना कॉम्प्युटरकडे वळली. "व्हायरस अडवणारा प्रोग्राम बंद आहे. रविवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी हातानं बंद केलाय. तेव्हा घरी कोण होतं?"

"मी आणि वहिनी निफाडला, बारशाला. दादा नोकरीच्या गावी," सृष्टी म्हणाली.

"काकू, तुम्ही?"

"त्या पेटीवर मी फडकं मारते गं. तेवढीच आमची ओळख."

स्क्रीनमागे एक जुनी लग्नपत्रिका खोचलेली होती. गुरुजींच्या पुतण्याची. निमंत्रकांची लांबलचक यादी, आणि तळाशी एक न छापलेलं नाव. लाल शाईत, वळणदार अक्षरात: भिकन गुरुजी.

ते अक्षर रेहानानं वर्षभर आपल्या वह्यांत पाहिलेलं.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

गुरुजींनी मानेनंच खुणावलं, तूच सांग.

"इथे दिसतंय, रविवारी एक मेल आली. वर लिहिलेलं, लग्नपत्रिका. कोणाचं लग्न, ते नाही. आत पत्रिका नव्हतीच, चोरटा प्रोग्राम होता. त्याला कॉम्प्युटरनं अडवलं, तर उघडणाऱ्यानं अडवणाराच बंद केला. आत शिरल्यावर त्यानं फायली चाळल्या. मंगळवारी मनालीनं कॉम्प्युटर लावताच सृष्टीचं पत्र आमिष म्हणून पुढे धाडलं, सोबत स्वतःला चिकटवून. न सांगता आलेल्या पत्रिकेचा एवढा मोह कोणाला पडेल? ज्याचं नाव मागच्या पत्रिकेत राहून गेलं, त्याला."

"वाटलं, या पत्रिकेत तरी असेल," गुरुजी पुटपुटले. "नुसतं बघायचं होतं."

"काय झालं ते मंगळवारीच कळलं होतं?" रेहानानं विचारलं.

"शंका आली होती."

"आणि तरी मला वहिनीला दोष देऊ दिलात?" सृष्टी वडिलांकडे वळली.

"गप्प बसलो. जन्मभर पोरांना सांगत आलो, चुकलात तर हात वर करा." त्यांचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडलेले. "मनाली, तुझ्याकडे बघवत नाही गं मला."

मनालीची भरलेली बॅग दारात होती. सृष्टी खाली बसली, चेन उघडायला गेली. मनालीनं तिचा हात बाजूला केला.

"सगळ्यांना सांगावं लागेल, ती फाईल उघडू नका म्हणून," रेहाना म्हणाली. "ग्रुपवर एकच मेसेज टाकू?"

"नको." गुरुजींनी डायरी घेतली, चष्मा पुसला, नामपूरच्या बहिणीला फोन लावला.

"लताबाई, भिकन बोलतोय. सृष्टीच्या पत्रासोबत आलेलं काही उघडू नको. नाही, सुनेनं नाही. तिला मी फुकट बोलणी खायला लावली. कोण विचारील त्याला माझं नाव सांग."

फोन ठेवून त्यांनी पुढच्या नावावर बोट ठेवलं. अजून बेचाळीस जण बाकी होते. मनाली दारातच उभी राहून ऐकत होती.