अज्जानं लावलेलं दार

सोलापुरात आरमारातला माणूस म्हणजे तसा चेष्टेचाच विषय. समुद्र शेकडो मैल लांब, आणि त्र्याहत्तरच्या दुष्काळात तर नळालाही पाणी नव्हतं. गल्लीतली मंडळी ईरप्पाअज्जांना 'कप्तान' म्हणत आणि येता-जाता विचारत, "काय कप्तान, बोट कुटं बांधलीय?" अज्जा नुसते हसत. ते कप्तान-बिप्तान नव्हते. लढाईच्या काळात जहाजाच्या बॉयलरवर होते, परत आल्यावर गिरणीच्या बॉयलरवर लागले, आणि गिरणीनं घरी बसवल्यावर जीव ओतून नातीचं करत राहिले.

नात म्हणजे हेमावती. तिची आई बाळंतपणातच गेली आणि बाप चनबसप्पा गिरणीच्या पाळ्यांत अडकलेला. त्यामुळे हेमाच्या वेण्या अज्जांनी घातल्या, आणि त्या अशा घट्ट की शाळा सुटेपर्यंत पोरीच्या भुवया वर ओढलेल्या असत. तिला मास्तरीण करायचा हट्टही त्यांचाच. आता ती महापालिकेच्या शाळेत गणित शिकवत होती आणि पडताळा घेतल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नव्हती.

अज्जांचं एकच विचित्र होतं. घरातल्या एकाही दाराला त्यांनी कडी ठेवली नव्हती. सगळ्या उपटून टाकल्या होत्या. न्हाणीला नुसता पडदा. पाहुणे आले की चनबसप्पाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यामागचं कारण हेमाला माघात कळलं. दुपारी ती वह्या तपासत बसली होती. एरवी जहाजाचं नाव काढलं की उठून जाणारे अज्जा त्या दिवशी आपणहून बोलले.

"सुरुंग लागला बघ आमच्या जहाजाला. खालच्या खोलीत पाणी शिरलं. आत तिघं होते. सायब म्हणाला, दार लाव, न्हायतर समदं जहाज जातंय. मी लावलं."

"मग?"

"मग ते ठोकायला लागले. तीन ठोके, एकेकाचा एक. थांबायचे, परत तीन. दार आतनं रेटत होते की. मी पाठ लावून बसलो."

"किती वेळ, अज्जा?"

"लई वेळ." त्यांनी तिच्या हातातली लाल पेन्सिल काढून बाजूला ठेवली. "हेमा, मला मातीत बसवू नका. जाळा. शब्द दे."

लिंगायतांत जाळत नाहीत. माणसाला मांडी घालून बसवतात. खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा कोरायचा, हातात इष्टलिंग देऊन देह त्यात ठेवायचा, पुढं शहाबादी फरशी उभी करायची आणि खड्डा बुजवायचा, ही त्यांच्या घराची पद्धत. हेमाला हे सगळं ठाऊक होतं. तरी तिनं शब्द दिला.

चैत्रात अज्जा गेले. डॉक्टरांनी दोनदा नाडी पाहिली. क्रियाकर्म करणारे अय्या येऊन मंत्र सुरू करणार, तेवढ्यात हेमानं बापाला परसात नेऊन अज्जांची इच्छा सांगितली.

"आपल्यात जाळतात व्हय?" चनबसप्पा हलक्या आवाजात म्हणाला. "पुढच्या महिन्यात तुजं लग्न हाय. होटगीची माणसं सोयरीक मोडतील. चालंल तुला?"

मुलगा हेमाला मनापासून आवडला होता. ती गप्प बसली. गप्प बसायला फार वेळ लागत नाही, आणि तेवढ्यात अज्जांना उचललंसुद्धा. कपाळावरचं भस्म पुसट झालं होतं म्हणून तिनंच ते पुन्हा लावलं. त्यांना कोनाड्यात बसवताना पाहिलं. फरशी लागली. मग मात्र तिला स्वतःची अशी लाज वाटली की घरी आल्यावर तिला आरशात बघवेना.

तिसऱ्या दिवशी समाधीवर दूध घालायला ती गेली. दूध मातीत जिरलं. तिनं कपाळ टेकवलं आणि खालून तीन ठोके ऐकले.

हेमा घाबरली नाही. स्मशानाच्या आवाराच्या भिंतीपलीकडं दुष्काळी काम चालू होतं. दीडदोनशे माणसं दिवसभर खडी फोडत होती. हादरा जमिनीतून येणारच. तिनं मनाशी हिशेब जुळवला, पदर झटकला आणि घरी आली.

पण गणित पुरतं सुटलं नव्हतं. खडीचं काम ज्या दिवशी बंद होतं त्या दिवशी सकाळी नऊला ती पुन्हा गेली. पलीकडं चिटपाखरू नव्हतं. तिनं मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि कान जमिनीला लावला.

तीन ठोके. अकरा सेकंद. पुन्हा तीन.

पाऊण तासात एकदाही चूक झाली नाही.

"तुमास्नी बी ऐकू येतंय व्हय?" मागून आवाज आला. नागप्पा होता. खड्डे खणायचं काम त्याच्याकडं असे. अज्जांचा कोनाडाही त्यानंच कोरला होता.

"कधीपासून येतंय?"

"बसवल्या दिवसापासनं. बायकूला सांगितलं न्हाय. पण तोंडात घास फिरतोय."

"उकरा, नागप्पा."

"बसवल्याला माणूस उठवत न्हाईत, बाई."

"त्यांना इथं बसायचंच नव्हतं. मी शब्द दिला होता आणि मीच तोंड शिवून बसले. आता बाहेर काढते आणि जाळते. लग्न मोडायचं तर मोडू दे."

नागप्पानं कुदळ घेतली. माती भुसभुशीत होती; तासाभरात फरशी उघडी पडली. ठोके चालूच होते. ते फरशीवर पडत नव्हते, आणखी आतून येत होते. कोनाड्याच्या मागं कुणी कधी खणलेलंच नव्हतं. तिथं नुसता कठीण मुरूम होता.

हेमा खड्ड्यात उतरली. दोघांनी जोर लावला तरी फरशी सुटेना. नागप्पानं पहार घातली तेव्हा ती एकदम निखळली.

अज्जा आत होते. डोळे मिटलेले, कपाळावर तिनंच लावलेलं भस्म. सहा दिवस झाले होते, तरी वास नव्हता.

मांडी सुटलेली होती.

दोन्ही पाय पुढं ताणलेले, तळवे उभे. फरशी होती तिथं ते टेकले असणार. टाचांखालची माती खोल खरवडली होती. पाठ मागच्या भिंतीला गच्च लागलेली.

"मी असं बसवलं नव्हतं," नागप्पा म्हणाला. "आईशप्पत, बाई."

भिंतीमागं तीन ठोके पडले. त्यासरशी अज्जांचा देह बोटभर पुढं सरकला.

"अज्जा," हेमानं हाक मारली. तिनं त्यांचे घोटे धरले. थंड होते. त्यांना ओढायचं, की मागं रेटायचं, तिला कळेना.

पुन्हा तीन. देह आणखी बोटभर सरकला. त्यांच्या खांद्यामागं मुरमाला चीर पडली, आणि चिरेतून पाणी ओघळलं. तीन वर्षं त्या जमिनीनं पाणी पाहिलं नव्हतं.

आता टेकायला त्यांना काही उरलं नव्हतं. ते तिनंच काढून घेतलं होतं.

"फरशी लावा," हेमा म्हणाली.

"आणि जाळायचं म्हणत होता ते?"

"लावा, नागप्पा!"

दोघांनी फरशी उचलून कोनाड्याला भिडवली. अज्जांचे तळवे फरशीला लागले, हे तिला तळहाताशी कळलं. बराच वेळ ती फरशी दाबून उभी राहिली. रडू येत होतं, पण आवाज करायची तिला भीती वाटली.

मग नागप्पानं तिला हात देऊन वर घेतलं आणि खोऱ्यानं माती लोटू लागला. ठोके थांबले होते. अकरा सेकंद गेले. मिनिट गेलं. नागप्पानं आभाळाकडं बघून हात जोडले.

खड्डा निम्मा भरला आणि ठोके पुन्हा आले. या वेळी फरशीवरच.

नागप्पाचं खोरं हवेत राहिलं.

हेमानं मोजले. चार होते. तिनं त्याच्या हातातून खोरं घेतलं आणि भराभर माती लोटायला लागली.