“तू किती जेवणार?”

टीं... टीं... टीं! आईच्या पोटावर चिकटवलेलं ते काडेपेटीएवढं यंत्र ओरडायला लागलं, तेव्हा तिच्या एका हातात भाताचं पातेलं होतं, दुसऱ्या हातात डाव, आणि समोर बाबा नि काका जेवायला बसलेले!

“बंद कर गं ती टिमकी!” बाबा खेकसले. “चार घास सुखानं खाऊ देशील की नाही?”

“वहिनी, पोटात मोबाइल वाजतोय की काय?” काका फिदीफिदी हसले आणि ताट पुढे केलं. “वाढा अजून थोडा!”

तिनं वाढला. शेवटचा. पातेलं खरवडून! हात थरथरत होते, पाठ घामानं भिजली होती, तरी चेहऱ्यावर तेच हसू... जळो ते हसू! कित्येक वर्षं त्याच्याआड तिनं आपली भूक लपवली होती, आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता!

यंत्र तसं गुणी होतं. आईच्या रक्तातली साखर सतत बघायचं आणि लागेल तसं इन्सुलिन आपणहून सोडायचं, आणि साखर फार घसरली की ओरडायचं. डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचू लागले, सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर अशीच वरखाली होत राहिली तर नजर जाईल. आणि शिवणकाम म्हणजे तर तिचा श्वास! म्हणून दवाखान्यानं यंत्र वापरून बघायला दिलं होतं. जमलं तर ठेवायचं, नाही तर उद्या परत. फक्त एक गोष्ट त्याला जेवणाआधी सांगावी लागे... आपण किती जेवणार!

शिकवायला आलेल्या नर्सताईंनी विचारलं होतं, “दुपारी भात किती खाता?” आई गोंधळलीच. ‘उरेल तेवढा’ या उत्तरासाठी यंत्रात बटणच नव्हतं!

आज तिनं शिकवल्याप्रमाणे ‘एक वाटी’ सांगितलं, यंत्रानं तेवढं इन्सुलिन सोडलं... आणि नेमके काका न सांगता जेवायला आले.

“उद्या परत करून टाक,” बाबा हात धूत म्हणाले. “परवा साखर घसरली, आज पुन्हा तेच. यंत्रच भिकार!”

आई मटकन खाली बसली. सदा आईला चिकटलेली म्हणून जिचं नाव टिकली पडलं, ती लेक धावली, साखरपाणी आईच्या ओठांना लावलं, आणि मग तिचा असा काही भडका उडाला!

“यंत्र भिकार? बाबा, आईनं त्याला सांगितलं, मी जेवणार आहे. त्या बिचाऱ्यानं ते खरं मानलं! सोडलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही. आणि तिचा भात कुठंय? काकांच्या पोटात!”

“टिकले, मोठ्यांशी बोलायची ही रीत?”

“आणि आईनं उरलंसुरलं खायचं, ही कुठली रीत? तू किती जेवणार, असं तिला आयुष्यात कुणी विचारलं असेल, तर या यंत्रानं! तुम्ही विचारलंत कधी?”

बाबांनी पातेल्यात डोकावलं. तळाला फक्त डावाचे ओरखडे...

“तू... रोज अशीच?”

आई आता सावरली होती. आणि आज ती हसली नाही.

“रोज! मलाच कौतुक होतं माझ्या त्यागाचं. पुरे झाला तो त्याग! यंत्र कुठंही जाणार नाही. मला माझे डोळे हवेत!”

काका खालमानेनं उठले, स्वयंपाकघरात शिरले. आतून बारीक आवाज आला, “वहिनी... एक वाटी तांदळाला पाणी किती हो?”

टिकलीला फिस्सकन हसू फुटलं. आईलाही!

भात शिजला. बाबांनी जन्मात पहिल्यांदा डाव हातात धरला, तोही उलटा. डोळे भरून आले होते, पण म्हणाले, वाफ लागली.

“तू... तू किती जेवणार?”

हा प्रश्न ऐकायला आईचा जीव किती आसुसला होता, ते तिलाही आत्ताच कळत होतं!

“यंत्राला एकच वाटी सांगितलीय,” ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. “पण उद्यापासून जास्त सांगणार आहे.”