तुळजापूरचं चोरटं लेखक मंडळ

सोलापूरहून येणारी मोटार करोडगिरीच्या नाक्यावर थांबली आणि महादेवीनं पायाशी असलेलं पोतं बाकाखाली सारलं. इथून पुढं निजामाचं राज्य. जकातीचा शिपाई एकेकाचं गाठोडं सोडून बघत होता, आणि त्या पोत्यात, हळकुंडांच्या खाली, तिच्या स्वतःच्या कथांची पुस्तकं होती. बापाच्या मागं लागून, रुसून, उपाशी राहून तिनं ती सोलापुरात छापून घेतली होती. मराठी छापील काही दिसलं की आधी जप्ती, मग चौकशी, असा तो काळ. शेजारी तिची आत्या गौराबाई डोळे मिटून महादेवाचं नाव घेत होती, म्हणजे तिचा काडीचा उपयोग नव्हता.

शिपायानं पोत्यात हात घातला आणि नेमकं पुस्तकच वर आलं.

"ये क्या है?"

महादेवीनं पुस्तकाकडं हात नेला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक आवाज आला, अगदी निवांत. "स्वयंपाकाचं पुस्तक हाय, जमादारसाहेब. भरीत, चटण्या... बायकांचं काम." पुढं तो उर्दूत असं काही बोलला की शिपाई खुदकन हसला, पुस्तक पोत्यात टाकलं आणि दुसऱ्या गाठोड्याकडं वळला.

मोटार सुटली. महादेवीनं मागं पाहिलं. सावळा, काटकुळा तरुण, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, बोटं शाईनं माखलेली. आभार मानायचे होते, पण तोंडातून भलतंच निघालं.

"माझ्या कथांना तुम्ही भरीत म्हणालात."

"वाचल्याबिगर मला काय ठाऊक, कथा हायत का भरीत?" तो म्हणाला. "एक द्या. चव घेऊन सांगतो."

आत्यानं कोपरानं ढोसलं. तरीपण तुळजापूर येईपर्यंत एक पुस्तक मागच्या बाकावर पोचलं होतं.

त्याचं नाव शिवशरण. तहशील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचं त्याचं काम, आणि त्यासाठीची सरकारी सनद, म्हणजे परवाना, त्याच्याकडं होती. महादेवीचे वडील महांतप्पा यांचं देवळाच्या वाटेवर हळदीकुंकवाचं दुकान. तिथं हा गडी दिवसाआड कुंकू घ्यायला यायला लागला.

"एवढं कुंकू कुणाला लागतं हो?" महादेवीनं पुडी बांधता बांधता विचारलं.

"आईला."

"त्यांना दुकान टाकायचं असंल, तर आधी सांगा. आप्पांना धास्ती नको."

तो हसला, आणि तिच्या हातातला दोरा सुटला. मग आत्यानं गावात चौकशी केली तर कळलं, त्याची आई विधवा. कपाळाला कुंकू लावतच नव्हती बिचारी. महादेवीनं हे ऐकलं, मान खाली घातली आणि गालातल्या गालात हसत बसली.

एके दिवशी तो पुस्तकाबद्दल बोलला. "राग येईल असं सांगू का?"

"...सांगा."

"तुमची माणसं लई गोड बोलतात. इथं कोण बोलतं असं?"

राग आला. चांगला दिवसभर पुरला. संध्याकाळी तिनं पुस्तक पुन्हा उघडलं आणि तिला पटलं, बोलणं त्याचंच खरं. पुस्तक घेतलेल्या बायका सांगायच्या की कागद झकास आहे. आत काय लिहिलंय ते कुणी बोलतच नव्हतं. एवढा जीव ओतून लिहायचं, छापायचं, आणि पुढं नुसती शांतता... ती शांतता तिला खायला उठायची.

"आपण मंडळ काढू," ती त्याला म्हणाली. "लिहिणाऱ्यांचं. आपलं आपण वाचायचं, खरं खरं बोलायचं. दर सोमवारी, दुकानामागच्या खोलीत."

त्याचा चेहरा उतरला. "परवानगीबिगर बैठक भरवली तर काय करतात, ठाऊक हाय ना? माझी सनद जाईल. आप्पांच्या दुकानाला टाळं लागंल."

"मग तुम्ही येऊ नका."

"येत न्हाय असं कुठं म्हणालो?"

पहिल्या सोमवारी बाहेर रिमझिम लागलेली. आप्पा गिऱ्हाइकाकडं वसुलीला गेलेले, खोलीत भजन आहे असं आत्यानं त्यांना सांगून ठेवलेलं. हरणाबाई आल्या; त्यांच्या ओव्या तोंडपाठ, लिहून घ्यायच्या महादेवीनं. रामलिंगस्वामी आले; लिंगायतांच्या घरची लग्नं लावणारे जंगम, पण कुणी न केलेलं एक नाटक त्यांनी लिहून ठेवलं होतं. शिवशरण मागच्या दारानं आला. महादेवी पुस्तक उघडून वाचायला लागली, पण नजर दाराकडं होती. प्रत्येक पावलाचा आवाज तिला ठाण्यातूनच आल्यासारखा वाटत होता.

आणि एक पाऊल खरंच ठाण्यातून आलं. दारात अमीनसाहेब, ठाण्याचे अंमलदार.

"काय चाललंय? जलसा? बैठक?"

गौराआत्या पदर सावरून पुढं झाली. "जलसा कशाचा, साहेब. पावणे आलेत. पोरगी बघायला."

महादेवीनं पुस्तक पाटाखाली सारलं. अमीनसाहेबांनी सगळ्यांकडं नजर फिरवली, आणि चक्क बसले. "चलने दो. मला बी तीन पोरी हायत. बघतो तुमच्यात कसं करतात."

आता आली का पंचाईत. करून दाखवणं भाग होतं. महादेवी डोक्यावर पदर ओढून चहा घेऊन आली. स्वामींनी नवऱ्या मुलाचे, म्हणजे शिवशरणचे, चुलते होऊन गाव विचारलं, स्वयंपाक विचारला. मग शिवशरणनं विचारलं, "मुलगी रागीट हाय का?"

"विचारणाऱ्यावर हाय," ती म्हणाली. हरणाबाई पदराआड हसल्या.

अमीनसाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले, "लडका बोलो. पसंत?"

शिवशरणनं वर पाहिलं. "पसंत."

"और बेटी को पूछो. आमच्याकडं पुसतात."

महादेवीनं डोळे मिटले. "...पसंत."

आत्यानं साखर आणली. आणि स्वामींनी, जन्मभराच्या सवयीनं, पिशवीतली विभूती काढून दोघांच्या कपाळाला लावली आणि शिवाचं नाव घेतलं. अमीनसाहेब साखर खाऊन, मुबारकबाद देऊन निघून गेले.

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. स्वामी मात्र कपाळाला हात लावून बसले. "अहो, माझ्या हातून लग्नाचा निश्चय झाला की. शिवाला साक्ष ठेवून. आता मी हे मोडू कसा?"

महादेवीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बिचारा शिवशरण मदतीला आला आणि अडकला. ती परसदारी गेली. तो पागोळ्यांखाली उभा होता.

"मी स्वामींना सांगते, ते सगळं अमीनासाठी होतं. तुम्ही मोकळे."

"तुमचं उत्तर अमीनासाठी होतं?"

"...तुमचं?"

"माझं न्हाय. तुम्हाला विचारायचा धीर होत नव्हता. त्यांनी विचारलं, निघून गेलं तोंडातून."

"माझं बी न्हाय," ती इतक्या हळू म्हणाली की त्याला वाकावं लागलं.

"वा!" मागून आवाज आला. आप्पा दारात उभे, धोतर भिजलेलं. "अमीनसाहेब वाटेत मुबारकबाद देऊन गेले. कसली, ते आता मला माझ्या पोरीनं सांगावं."

पोरगी बघायला आले होते, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण महादेवीला ते जमेना. तिनं मंडळ सांगितलं, अमीन सांगितला, विभूती सांगितली. आप्पा ऐकत राहिले.

"घरादाराला टाळं लागलं असतं, कळतंय का?"

"व्हय, आप्पा."

"मग एक कर. ही बैठक आजपास्नं बंद. लिहिणं बी बास झालं. म्हंजे ह्या पोराच्या घरी बोलणं करायला मी मोकळा."

महादेवीच्या आधी बोलला तो शिवशरण.

"मग मला ही सोयरीक नको, आप्पा."

तिनं झटकन वळून पाहिलं. तो आप्पांकडं पाहत होता, आणि थांबला नाही. "हिनं लिहिणं टाकून माझ्या घरी आलेलं मला न्हाय चालायचं. ती मला जन्मभर गप्प बसलेली दिसंल. त्यापरीस मी कुंकू घ्यायला येत जाईन... म्हातारा होईस्तोवर."

महादेवी रडत होती आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं.

"आप्पा," ती म्हणाली, "मला हेच पाहिजेत."

महांतप्पांनी लेकीकडं पाहिलं, मग त्या काटकुळ्या पोराकडं. मग धोतर पिळत खोलीत गेले आणि चटईवर स्वामींच्या शेजारी टेकले.

"दाराला आतून कडी घाला," ते म्हणाले. "आणि वाचा आता. पैसा घालून छापलंय, काय लिहिलंय ते तरी कळू द्या मला."