साखरेच्या डब्यातला फ्यूज

“मावशी, आग माझ्या नवऱ्याच्या हातून लागलेली नाही,” धाकट्या सुनेने उंबऱ्यातच सांगितलं. “पण सासरे आज घरच्या गॅरेजची किल्ली, म्हणजे सगळा कारभारच, मोठ्या दिरांना देताहेत.”

अवघड कोडी हळू आवाजात सोडवणाऱ्या मावशी भाच्याला घेऊन लगेच निघाल्या.

अंगणात मोटारीचं तोंड होरपळलेलं होतं. धाकटा घरीच इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करत होता. त्याने आधी टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला, इंजिन चालवून आपसूक बंद पडू दिलं, म्हणजे नळीतला दाब उतरला. इंजिन निवल्यावर बॅटरीची तार सोडली, मग नळी उघडली. काढलेला फ्यूज बायकोकडे. काम संपेपर्यंत त्याने मागितला तरी तिने द्यायचा नाही, हा दोघांचा नेम. तो हात धुवायला आत गेला आणि भडका उडाला. विझवलाही त्यानेच.

“फ्यूज अजून साखरेच्या डब्यात आहे,” सून म्हणाली.

सासरे हसले. बायको नवऱ्याचीच बाजू घेणार.

थोरला म्हणाला, तो आला तेव्हा गाडी पेटलेली होती. मग पुढच्या सीटवर त्याचा चष्मा कसा, मावशींनी विचारलं.

“हॉर्न दाबायला बसलो. चांगला कोकलला, तेव्हा कुठे मंडळी हलली.”

भाच्याने हॉर्न दाबून पाहिला. मुका. जळला असेल, भाचा म्हणाला. मावशींनी स्टिअरिंगखालची फ्यूजपेटी उघडली. तिला धगही लागली नव्हती. पंपाच्या घरात, म्हणजे खाचेत, फ्यूज होता. शेजारचं घर रिकामं. त्यांनी झाकणावरची चित्रं पाहिली आणि सगळ्यांना बोलावलं.

“पंपाचा फ्यूज डब्यात, मग पेटीतला कुठला? रिकामं घर हॉर्नचं आहे. तिथला उचलून कुणीतरी पंपाला लावला. धाकट्याला उसनवारीची गरज काय? बायकोकडे मागितला असता.”

“बायकोने दिला नसता,” भाचा म्हणाला.

“म्हणजे काम अपुरं होतं, आणि नळी उघडी असताना धाकटा स्वतः फ्यूज लावेलच कशाला? थोरल्याला वाटलं, हा हात धुतोय म्हणजे झालं; आपण गाडी चालू करून वडिलांकडून शाबासकी घ्यावी. तार जोडली, फ्यूज बसवला, किल्ली फिरवली. उघड्या नळीतून पेट्रोल उडालं, ठिणगीने पेटलं. ” त्या थोरल्याकडे वळल्या. “हॉर्नचा फ्यूज आगीआधीच निघाला होता, बाबा. मग आग लागल्यावर हॉर्न वाजला कसा?”

थोरल्याने सीटवरचा चष्मा उचलून हातात धरला. “घाबरलो मी,” तो पुटपुटला.

सासऱ्यांनी खिशातून गॅरेजची किल्ली काढली. धाकट्याने हात पुढे केला, पण ती सुनेच्या तळहातावर पडली.

“त्याच डब्यात ठेव,” ते म्हणाले. “मी मागितली तरी देऊ नकोस.”