पाच जणांचे ‘चालेल’

‘हातभार’च्या सांगलीच्या कार्यालयात भिंतभर पडद्यावर एक तळे दिसत होते. त्याचे पाणी सिमेंट कालवल्यासारखे राखाडी होते. पामीर पर्वतातले ते हिमसरोवर रोज वीतभर वर चढत होते आणि काठ आता जेमतेम दोन हातांवर राहिला होता. त्याला अडवणारा बांध कोणा माणसाने बांधलेला नव्हता. हिमनदीने ढकलत आणून टाकलेला दगडगोट्यांचा तो डोंगराएवढा ढीग होता. भूगोलाच्या पुस्तकात त्याला हिमोढ म्हणतात. हिमोढाच्या खाली सहा किलोमीटरवर झरबुलाक नावाचे गाव होते आणि गावात दोनशे साठ माणसे होती.

‘हातभार’ हे अभियंत्यांचे जाळे होते. चार हजार मराठी अभियंते आपापली नोकरी सांभाळून, किंवा निवृत्तीनंतर, परदेशातल्या आडवळणी गावांना फुकट सल्ला देत. कोणी पूल तपासून देई, कोणी पाण्याची टाकी. झरबुलाकचा आराखडा निनाद बोरवणकर या तरुण अभियंत्याने तिथे राहून केला होता. दुपारी चार वाजता सुरुंगाने हिमोढाच्या माथ्यावर एक चर फोडायचा. पाणी वाहू लागले की चर आपोआप खोल कापला जाईल आणि नऊ मीटरवर खडक लागला की थांबेल. तेवढे तळे उतरेल आणि गाव वाचेल. पाच तज्ज्ञांनी संमती दिली होती. तसे गावात सांगितलेही होते, म्हणून घर सोडायला कोणी तयार नव्हते.

वसुंधरा तामसकर त्या दिवशी देखरेखीवर होती. धरणे बांधण्यात आणि ते काम शिकवण्यात तिची बत्तीस वर्षे गेली होती आणि पाच संमतींपैकी एक तिची होती. तीनच्या सुमारास, वेळ आहे तर पाहून ठेवू म्हणून, तिने जमिनीखालचे थर दाखवणारे भूवेधी रडारचे चित्र उघडले. नऊ मीटरवर एक ठळक रेघ होती. निनादने तिथे ‘खडक’ लिहिले होते. तिने चित्र मोठे केले. ठळक रेघेच्या बरेच खाली आणखी एक रेघ होती, पुसट.

तिने कागद ओढला आणि दोन्ही रेघांची खोली मांडली.

वरचा थर खडकाचा असता, तर रडारच्या लहरी बहुतेक तिथूनच परतल्या असत्या. त्या आरपार गेल्या होत्या. म्हणजे तो थर बर्फाचा असण्याची शक्यता होती, दगडगोट्यांखाली शेकडो वर्षे गाडलेल्या बर्फाची. खडकाशी पाणी कापायचे थांबते. बर्फ पाण्याने वितळतो, चर रुंदावतो, जास्त पाणी शिरते, आणखी बर्फ वितळतो. मग चर उरत नाही, सगळा बांधच जातो. पाणी गावात पोचायला वीस मिनिटे लागली असती.

तिने संमतीपत्रक उघडले. पाच नावे, आणि पाचही नावांपुढे एकच शब्द: ‘चालेल’.

स्वतःचे ‘चालेल’ तिला आठवत होते. भाचीच्या साखरपुड्यात, हातात वाटी धरून, तिने ते पाठवले होते. यादीत आधीच तिला कामात घडवणाऱ्या पाटणकर सरांचे नाव होते. सरांनी पाहिल्यावर आपण आणखी काय पाहणार? तिने सरांना फोन लावला. सर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, पण आवाज खणखणीत होता.

“अगं, निनाद तुझाच विद्यार्थी,” सर म्हणाले. “तुला न दाखवता तो मला कशाला पाठवेल? मी म्हटलं, वसूनं बघितलंय, चालेल.”

उरलेल्या तिघांनी साधारण तेच सांगितले. सर आहेत, ताई आहेत, मग नाही म्हणणारे आम्ही कोण? आराखडा पाचांपैकी एकानेही पाहिला नव्हता.

तीन वाजून चौदा मिनिटांनी तिने हरकत नोंदवली. कारणाच्या रकान्यात ‘बर्फ असण्याची शक्यता’ एवढेच लिहिले. रेघांवरून खोली काढण्याचे गणित तिने मघाशीच एका कागदावर केले होते, तो चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवला. निनादला फोन करून झाला होता. तो घाबरला होता, पण सुरुंगाचा ताबा तिथल्या सरकारी अधिकाऱ्याकडे होता, आणि तो अधिकारी फक्त ‘हातभार’च्या मते मोजणाऱ्या यंत्राचा लाल दिवा मानत असे. कोणी एकटा घाबरला म्हणून काम थांबू नये, असा ‘हातभार’चा सरकारशी करार होता. दोन स्वतंत्र हरकती आल्या तरच दिवा लाल होई.

चार मिनिटांत आणखी चार हरकती आल्या. सर आणि ते तिघे. ‘ताई म्हणतात तर थांबवा.’

दिवा हिरवाच राहिला.

“फरीदा, हे काय आहे?” वसुंधराने विचारले.

फरीदा मुजावर शेजारच्या मेजापाशी होती. मतांचे वजन करणारे यंत्र, मतभारक, तिनेच घडवले होते. तिने पडदा पाहिला आणि तिचाही चेहरा उतरला.

“ताई, पाच माणसांना पाऊस पडताना दिसला तर पाऊस आहे असं धरू ना? पण एकाला दिसला आणि चौघांनी त्याच्याकडून ऐकलं, तर?”

“तर एकालाच दिसला.”

“गेल्या महिन्यात मी यंत्राला तेच शिकवलं. एकाचं ऐकून दुसऱ्यानं दिलेलं मत म्हणजे प्रतिध्वनी. तो मोजायचा नाही. तुमच्या पाच हरकती म्हणजे त्याच्या लेखी एकच हरकत.”

“आणि ती पाच ‘चालेल’?”

“ती तीन महिन्यांपूर्वीची आहेत. तेव्हा यंत्राला हे कळत नव्हतं.”

वसुंधरा खुर्चीत बसली. यंत्राचे काही चुकत नव्हते, आणि तेच भयंकर होते. तिला एक असा माणूस हवा होता जो तिच्यामुळे हो म्हणणार नाही. फरीदाने चार हजार नावे यंत्रातून फिरवली. धरणाच्या जाणकारांत बहुतेक तिचे विद्यार्थी, नाहीतर सरांचे. त्यांना वगळून एकच नाव उरले, हणमंत शेवाळे. चौदा कामांत तो सात वेळा तिच्याशी सहमत झाला होता आणि सात वेळा विरुद्ध गेला होता.

“नेहमी विरुद्ध जात असते तर उपयोग नव्हता,” फरीदा म्हणाली. “तोही प्रतिध्वनीच, उलटा. पण हे निम्मे-निम्मे आहेत. म्हणजे हे स्वतः बघतात.”

हणमंत कॉलेजात तिच्या वर्गात होता. सहा वर्षांपूर्वी तिच्याशी भांडून तो आटपाडीला डाळिंबाच्या बागेत जाऊन बसला होता. सभासदत्व त्याने सोडले नव्हते, कारण राजीनामा लिहायचा त्याला कंटाळा होता. फरीदाने बजावले, ताई, तुमचं मत त्यांना सांगू नका. हरकतींची यादीही तिने त्याच्यापासून झाकून ठेवली.

“कोण, तामसकर बाई?” हणमंत म्हणाला. “सूर्य कुठून उगवला म्हणायचा?”

“हणमंत, एक चित्र पाठवतेय. बघ आणि मत नोंदव. मी काय म्हणते ते विचारू नकोस.”

“म्हणजे मी मुद्दाम उलटं सांगेन असं वाटतंय होय तुला?”

“तीन पंचवीस झालेत. चारच्या आत सांग.”

 तो बरं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पडद्यावर निनाद चराच्या तोंडाशी उभा असलेला दिसत होता, तांबड्या टोपीतला एक ठिपका. खाली गावात कुठेतरी धूर निघत होता. कोणाच्या तरी चुलीवर काही शिजत होते. वसुंधराने पडद्यावरून नजर काढली. तीन चाळीस. तीन अठ्ठेचाळीस. तो ‘चालेल’ म्हणाला तर? त्याचे म्हणणे खरे असले तर?

तीन एक्कावन्नला मत आले: ‘थांबवा.’ दिवा लाल झाला. तांबडा ठिपका मटकन खाली बसला. फरीदा हसू लागली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

तेवढ्यात फोन वाजला.

“झालं का तुझं काम?” हणमंतने विचारले.

“झालं. तुला दुसरी रेघ दिसली ना?”

“कसली रेघ? बागेत रेंज कुठाय? चित्र उघडलंच नाही. पण चाळीस वर्षांत तुझा आवाज असा कापलेला मी ऐकला नव्हता. म्हटलं, वसुंधरा घाबरली म्हणजे काहीतरी नक्की असणार. थांबवा.”

 यंत्राने ज्याला दुसरा डोळा समजले, तो तिचाच आवाज होता. जगात त्या रेघा पाहिलेली माणसे दोनच होती. निनादला खडक दिसला होता आणि तिला बर्फ. तिचे चुकले असेल, तर तिने भीतीपोटी गावाची एकुलती वाट बंद केली होती. चार दिवसांत तळे काठावरून जाणार होते.

तिने फरीदाला खरे ते सांगितले. फरीदाचा हात कळफलकावर गेला आणि तसाच थांबला. मत नोंदवल्यापासून तासाभरात कारण जोडता येते, ती हळूच म्हणाली. चार एक्कावन्नपर्यंत कारण आले नाही, तर मत रद्द होईल आणि दिवा आपोआप हिरवा होईल.

“हणमंत,” वसुंधरा फोनमध्ये म्हणाली, “गाडी काढ. रेंज मिळेल तिथे जा. ते चित्र तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि माझा आवाज विसर.”

“आणि मला खडक दिसला तर?”

“तर तसं लिही.”

 पाटणकर सरांचा फोन दोनदा येऊन गेला, तिने उचलला नाही. सरांचा धीराचा एक शब्दही तिला आता नको होता. साडेचार वाजले. पावणेपाच झाले. सुरुंगवाल्यांची माणसे पुन्हा तारांजवळ येऊन उभी राहिली.

चार सत्तेचाळीसला कारणाच्या रकान्यात अक्षरे उमटली: ‘नऊ मीटरवर खडक नाही, बर्फ आहे. खडक एकोणीस मीटरवर.’

वसुंधराने चष्म्याच्या घरातला कागद काढून उलगडला. तिच्या अक्षरात तिथे लिहिले होते: बर्फ नऊपासून, खडक एकवीसवर.

“ताई, दोन मीटरचा फरक पडतोय,” फरीदा घाबरून म्हणाली. “चुकलं का काही?”

वसुंधराने दोन्ही आकडे पुन्हा वाचले.

“नाही गं. फरक पडला, म्हणजे त्यानं बघितलं.”

मग तिने निनादला फोन लावला आणि तळे काठावरून जायच्या आत, आताच्या आता गाव वर हलवायला सांगितले.