अळशीचं तेल

बापाला मारणाऱ्या अस्वलाचा निकाल लावायचा, एवढ्याच कामासाठी ताई आणि तिचा धाकटा भाऊ तीन दिवस तो डोंगर चढत होते. बंदूक बापाचीच, जुन्या पंपाची. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. ताई कारखान्यात फिटर, भाऊ सुतार. लोखंडाची नाडी कळायची ताईला, पण बंदूक गेली मुलाच्या वाट्याला. हा सल तिच्या मनातून गेलेला नव्हता.

पहिल्याच दिवशी ओढा ओलांडताना निम्मी शिदोरी वाहून गेली. दुसऱ्या दिवशी दरड कोसळलेली, म्हणून कड्याला चिकटून सरकावं लागलं. आणि तिसऱ्या दुपारी, वळणावर, अस्वल समोरच उभं!

भावाने बार काढला. चुकला! त्याने मूठ ओढली. अर्ध्यावर अडली. पुन्हा ओढली. हलेना!

"ताई! अडकली गं!"

अस्वल धावून आलं. ताईने पातेलं दगडावर बडवलं, घसा फुटेस्तोवर ओरडली. दहा हातांवर ते थबकलं, फुरफुरलं आणि घळीत उतरलं.

"बाबांच्या हातातही अशीच अडकलेली सापडली होती," भाऊ धापा टाकत म्हणाला. "मी जोर लावून मोकळी केली. वाटलं, म्हातारे हात, थरथरले असतील."

"दे इकडे."

तिने आधी भरलेली काडतुसं काढली. अडकलेलं फुगलं असेल? नाही, पकडीने अलगद निघालं. मग तिने बंदूक खोलली. कुठे काही वाकलेलं नव्हतं. मूठ ज्या नळीवरून सरकते, तिच्यावर मात्र डिंकासारखा पिवळा थर होता. तिने वास घेतला.

"हे काय लावलंस?"

"अळशीचं तेल. लाकडाला देतो तेच. म्हटलं, लोखंडालाही दोन हात देऊ. बाबांची बंदूक ना!"

"कधी?"

"बाबा शेवटचे निघाले, त्याच्या पंधरा दिवस आधी."

अळशीचं तेल वाळलं की घट्ट होतं. लाकडावर ते शोभतं, सरकत्या लोखंडाचा गळा धरतं. सोबतच्या स्टोव्हमधल्या रॉकेलने तिने सगळा थर पुसून काढला. बंदूक जोडली. मूठ आता सरसर चालत होती. तिने काडतुसं पुन्हा भरली.

तेवढ्यात घळीपलीकडे अस्वल दिसलं, मुळं उकरताना. अगदी टप्प्यात!

"ताई, मार! बाबांचा सूड घे!"

तिने नेम धरला. श्वास रोखला. मग बंदूक खाली केली आणि काडतुसं काढून घेतली.

"अगं, काय करतेस?"

"बाबांचे हात थरथरले नव्हते. तुझ्या तेलाने पंप धरला होता."

तो आधी हसला. मग मटकन खाली बसला. "मला काय माहीत गं?"

"घरात फिटर होती. एकदा विचारायचंस."

त्याला रडू फुटलं. तिला दया आली नाही, आणि आपल्याला ती येत नाही याचंच तिला जास्त वाईट वाटलं. अस्वल सावकाश झाडीत शिरलं. त्याच्याशी आता तिचं काहीच भांडण उरलं नव्हतं.

"ताई, ही तूच ठेव," उतरायला लागल्यावर तो बंदुकीकडे बघत म्हणाला.

तिने ती त्याच्या खांद्याला अडकवली.

"तुझ्या वाट्याची आहे. तूच वाहा."